अडीच ग्रॅम शिसे

१ ऑगस्ट २०२४ या दिवशी कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडी या गावाचे नाव देशभरच्या वाहिन्यांवर झळकले. ऑलिंपिकची नेमबाजी पॅरिसपासून बरीच दूर, शातोरू या गावी चालू होती. तिथे स्वप्निल कुसाळे याने पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक घेतले. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला पदक जिंकले होते. त्यानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्याला वैयक्तिक पदक आले. पुढचे चार दिवस आपण सगळे बोलले. शिक्षक वडील, सरपंच आई, रेल्वेतली तिकीट तपासनिसाची नोकरी, धोनीवरची भक्ती, मुलाच्या खेळासाठी घरच्यांनी काढलेले कर्ज. राहिली एकच गोष्ट. हे कर्ज मुख्यतः ज्या वस्तूपायी काढावे लागते ती वस्तू.

ती वस्तू तळहातावर घेतली तर वजनही जाणवत नाही. एक इंच लांबीचे, पेन्सिलीपेक्षा बारीक असे पितळी काडतूस, आणि त्याच्या तोंडाशी शिशाची गोळी. गोळीचे वजन अडीच ग्रॅमपेक्षा किंचित जास्त. नळीचा व्यास इंचाच्या शंभर भागांपैकी बावीस भाग, म्हणून याला जगभर ‘पॉइंट टू-टू’ म्हणतात. ज्यांनी कॉलेजात एन.सी.सी. केली आहे त्यांना ओळख करून द्यायला नको. उताणी पसरलेली सतरंजी, खांद्याला रायफल, उस्तादांची दरडावणी आणि मोजून मिळालेल्या पाच गोळ्या. गोळीबार संपल्यावर रिकाम्या पुंगळ्या गवतातून वेचून मोजून परत कराव्या लागत. एक पुंगळी कमी भरली तर सगळी तुकडी ऊन उतरेपर्यंत गवत चाळीत बसे. पुढे बँकेत रोख मोजायला बसलो तेव्हा ती शिस्त उपयोगी पडली.

हे काडतूस आज ज्या रूपात वापरले जाते ते ‘लाँग रायफल’ नावाचे रूप १८८७ साली अमेरिकेत स्टीव्हन्स या बंदूक कंपनीने काढले. आयफेल टॉवर त्यानंतर दोन वर्षांनी उभा राहिला. मूळ कल्पना त्याहून जुनी आणि फ्रेंचच. १८४५ च्या सुमारास लुई फ्लोबेर नावाच्या कारागिराने बंदुकीच्या चापाखाली उडणारी टोपी घेतली, तिच्या तोंडात एक छर्रा बसवला, आणि दिवाणखान्यात बसल्या बसल्या नेमबाजी करण्याचे श्रीमंतांचे खेळणे तयार केले. १८५७ साली अमेरिकेत स्मिथ आणि वेसन या जोडीने त्याच धर्तीचे आखूड काडतूस आपल्या छोट्या रिव्हॉल्व्हरसाठी बाजारात आणले. तोपर्यंत दारू वेगळी, गोळी वेगळी, टोपी वेगळी असा सारा ठासणीचा मामला होता. सगळे एका पितळी डबीत बंद करून मिळण्याची सुरुवात या चिमुकल्या काडतुसाने केली. त्याच्यानंतर निघालेली शेकडो मोठी काडतुसे वस्तुसंग्रहालयात गेली. हे मात्र अजून कारखान्यातून रोज बाहेर पडते आहे, तेही दरवर्षी अब्जावधींच्या संख्येने. एखाद्या तांत्रिक वस्तूने पावणेदोनशे वर्षे मूळ रचना न बदलता जगावे, हे सुई, कात्री आणि सायकल सोडली तर फारसे आढळत नाही.

याचे कारण त्याच्या बुडात आहे. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक वेगळी टोपी बसवलेली असते; तिच्यावर पिन आदळली की ठिणगी पडते. आपल्या या छोट्या काडतुसाला अशी टोपीच नाही. पुंगळीच्या बुडाची कड बाहेर दुमडलेली असते, पुरीच्या कडेसारखी. त्या दुमडीच्या पोकळीत स्फोटक लेप भरलेला असतो. पिन कडेवर आदळते, कड चेपते, लेप पेटतो. म्हणूनच याला ‘रिमफायर’ म्हणतात. भाग कमी, पितळ कमी, दारू चिमूटभर, म्हणजे खर्च कमी. पण याच रचनेने त्याला मर्यादाही घातली. कड चेपली जावी म्हणून पितळ पातळ ठेवावे लागते, आणि पातळ पितळात जास्त दाब कोंडता येत नाही. म्हणजे हे काडतूस इच्छा असली तरी फार ताकदवान होऊच शकत नाही. शिवाय एकदा चेपलेली कड पुन्हा भरता येत नाही. मोठ्या काडतुसाची पुंगळी हौशी लोक घरी भरून चार-सहा वेळा वापरतात. ही एकदाच वापरायची.

ताकद किती, ते क्रिकेटच्या भाषेत सांगतो. एकशे साठ ग्रॅमचा चेंडू ताशी १४४ किलोमीटर वेगाने टाकला तर त्याच्यात साधारण १२८ ज्यूल ऊर्जा असते. स्पर्धेत वापरायची पॉइंट टू-टूची गोळी सेकंदाला सव्वातीनशे मीटर वेगाने सुटते आणि तिची ऊर्जा १३७ ज्यूलच्या आसपास भरते. म्हणजे वेगवान गोलंदाजाचा एक चेंडू आणि ही गोळी, तराजूत जवळजवळ सारखी. सैन्यातल्या सात-पॉइंट-बासष्ट रायफलीच्या गोळीत याच्या कितीतरी पट ऊर्जा असते. फरक एवढाच की चेंडूची ऊर्जा तळहाताएवढ्या जागेवर पसरते आणि गोळीची हरभऱ्याहून लहान जागेत उतरते. गैरसमज नको. रॉबर्ट केनेडींचा जीव १९६८ साली याच मापाच्या रिव्हॉल्व्हरने घेतला आणि १९८१ साली रेगनसाहेब याच मापाच्या गोळीने जायबंदी झाले. अमेरिकेत या काडतुसांच्या डबीवर गोळी मैल-दीड मैलापर्यंत धोकादायक असते, अशी सूचना छापलेली असते.

पण धक्का नाही, आवाज थोडा, आणि दर गोळीमागे खर्च नगण्य. या तीन गुणांवर अमेरिकेतील खेड्यापाड्यांत ते घरोघर पोचले. तिथे मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की बाप किंवा आजा त्याला टिनच्या डब्यावर नेम धरायला शिकवतो, आणि हिवाळ्याच्या तोंडाशी रानात खारी आणि ससे मारायला नेतो. खार म्हणजे आपली तीन पट्ट्यांची रामाची खार नव्हे. मांजराच्या पिल्लाएवढी करडी, खाण्याजोगी. तिच्यावर मोठी गोळी झाडली तर शिजवायला काही उरणार नाही. छोट्या शिकारीला छोटेच हत्यार लागते, आणि दीडशे वर्षांत त्याला याहून चांगला पर्याय निघालेला नाही. १९५९ साली विंचेस्टर कंपनीने याचाच मोठा भाऊ मॅग्नम म्हणून काढला, २००२ साली हॉर्नेडी कंपनीने सतरा-शतांश इंचाचे अतिवेगवान काडतूस आणले. दोन्ही चालली, दोन्ही अजून विकली जातात, पण महाग. धाकट्याची जागा कोणी घेतली नाही.

मोठ्या जनावरावर मात्र हे चालवणे म्हणजे क्रौर्य. ते मरत नाही, जखमी होऊन रानात सडते. म्हणून अमेरिकेतील बहुतेक राज्यांत हरणाच्या शिकारीला रिमफायर कायद्याने वर्ज्य आहे. आमच्या कोकणातला बागायतदार, ज्याच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक असते, त्याने रानडुकरासाठी पॉइंट टू-टू का देत नाहीत असे विचारले तर उत्तर हेच.

ऑस्ट्रेलियाची कथा वेगळी. १८५९ साली व्हिक्टोरिया प्रांतात थॉमस ऑस्टिन नावाच्या गृहस्थाने शिकारीच्या हौसेखातर इंग्लंडहून आणलेले काही ससे मोकळे सोडले. त्यांची प्रजा सगळ्या खंडाचे गवत खाऊन बसली. तिथल्या मेंढपाळाच्या गाडीत पाण्याचा कॅन असतो तशी पॉइंट टू-टू असते. हौस म्हणून नव्हे, अवजार म्हणून. १९९६ साली टास्मानियातील पोर्ट आर्थर येथे पस्तीस माणसे गोळीबारात मारली गेली आणि ऑस्ट्रेलियाने बंदुकीचे कायदे कडक केले. आपोआप भरणाऱ्या रिमफायर रायफलीही त्यांनी आवळल्या, पण एकेक गोळी हाताने चढवायची साधी पॉइंट टू-टू सर्वांत सौम्य वर्गात ठेवली. २०१९ साली क्राइस्टचर्चच्या मशिदींतील हत्याकांडानंतर न्यूझीलंडने अर्धस्वयंचलित हत्यारांवर बंदी आणली. तिथेही दहा गोळ्यांपर्यंतच्या रिमफायरला सूट दिली. संतापाच्या भरात कायदे करणाऱ्यांनीही या काडतुसापुरता हात आखडता घेतला, कारण ते काढून घेतले तर शेतकऱ्याच्या हाती दुसरे काय द्यायचे हे त्यांना सांगता येत नव्हते.

आता पैशाकडे येतो. तीच माझी जुनी खोड. अमेरिकेत साधे पॉइंट टू-टू काडतूस दहा सेंटांच्या आसपास मिळते. इतकी स्वस्त आणि न नासणारी वस्तू लोक साठवतात. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत मुलांची हत्या झाली, बंदुकीवर निर्बंध येणार अशी हवा पसरली, आणि २०१३ मध्ये अमेरिकेतील दुकानांतून ही काडतुसे नाहीशी झाली. कारखाने रात्रंदिवस चालू होते, माल येत होता, पण फळीवर ठेवला की तासाभरात संपे. निर्बंध पॉइंट टू-टूवर येणारच नव्हते; तरी टंचाई त्याचीच सर्वांत लांबली. बँकेत आम्ही हा प्रकार सुट्ट्या नाण्यांच्या बाबतीत पाहिला आहे. नाणी कमी आहेत अशी अफवा उठली की बसच्या कंडक्टरपासून किराणा दुकानदारापर्यंत प्रत्येकजण डबा भरून ठेवी, आणि खरेच नाणी मिळेनाशी होत. मग रुपयाऐवजी हातावर गोळी ठेवली जाई. लिमलेटची. हलक्या किमतीच्या वस्तूची साठेबाजी सर्वांत सोपी असते, कारण ती करताना कोणालाही आपण साठेबाज आहोत असे वाटत नाही.

या डबा-साठवणाऱ्या, खारी मारणाऱ्या, सशांच्या मागे लागलेल्या लाखो लोकांचा आपल्या कांबळवाडीशी संबंध काय? संबंध सरळ आहे. त्यांच्या मागणीवर यंत्रे चालतात, आणि त्या यंत्रांमागच्या कारागिरीची साय म्हणजे स्पर्धेचे काडतूस.

पन्नास मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते, शर्टाच्या बटणाएवढे. साधे काडतूस तिथे उपयोगाचे नाही. चिमूटभर दारूत कणभर फरक पडला, कडेतला लेप एका बाजूला जास्त बसला, गोळीवरच्या मेणाचा थर कमीजास्त झाला, की गोळी बटणाबाहेर. वेगही ध्वनीच्या वेगाच्या खालीच ठेवतात, कारण ध्वनीचा वेग ओलांडून मग वाटेत त्याखाली येणारी गोळी डळमळते. अशी काडतुसे बनवणारे कारखाने जगात मोजके. इंग्लंडात बर्मिंगहॅमची ईली, जर्मनीत आरडब्ल्यूएस, आणि नावाने फिनलंडची पण ही काडतुसे जर्मनीत श्योनेबेक येथे बनवणारी लापुआ. त्यांच्याही एका घाण्यातून निघालेला माल दुसऱ्या घाण्यासारखा नसतो. गंमत अशी की एकाच घाण्याची काडतुसे एका रायफलीला मानवतात, तर शेजारच्या, त्याच कंपनीच्या रायफलीला मानवत नाहीत. म्हणून मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन कारखान्यात जातात, ती शिकंजात बसवून वेगवेगळ्या घाण्यांची काडतुसे झाडून पाहतात, आणि जुळणारा घाणा सापडला की परवडतील तेवढ्या पेट्या उचलतात.

आणि परवडणे ही इथली खरी अडचण आहे. एका स्पर्धेत साठ गुणांकित गोळ्या, त्याखेरीज सरावाच्या. वर्षात अडीचशे दिवस रोज शंभर गोळ्या धरा. पंचवीस हजार झाल्या. एका गोळीला आयात-वाहतूक धरून समजा तीस रुपये पडले, तर साडेसात लाख रुपये. यात रायफल नाही, चामडी जाकीट नाही, प्रवास नाही. बँकेच्या कर्जखात्यात ट्रॅक्टर बसतो, म्हैस बसते, पिठाची गिरणी बसते. झाडल्यावर नाहीशी होणारी वस्तू तारण म्हणून बसवायला मला तरी कुठलाही रकाना आठवत नाही.

नामवंत नेमबाजाला आपल्याकडे आयातीच्या सवलती आहेत, आणि २०२० मध्ये केंद्र सरकारने नेमबाजांना बाळगता येणाऱ्या हत्यारांची व काडतुसांची मर्यादाही वाढवली. चांगले झाले. पण नामवंत व्हायला जे गुण लागतात ते त्याच काडतुसांवर मिळवायचे असतात. ज्याच्याकडे आधीच पैसे आहेत त्यालाच कर्ज मंजूर करण्याची जुनी बँकिंग रीत इथेही पोचली, असे म्हणायला हरकत नाही. ज्याला हे जमत नाही तो दहा मीटरच्या हवेच्या बंदुकीकडे वळतो. तिथे छर्रा स्वस्त, परवान्याचा जाच कमी, आणि सराव घराच्या गच्चीवरही होतो. भारताने ऑलिंपिकमध्ये नेमबाजीची आजवर सात पदके मिळवली. त्यांतली चार हवेच्या हत्यारांची आहेत, एक राठोडांच्या शॉटगनचे. पॉइंट टू-टूची दोनच: लंडनला २०१२ मध्ये विजयकुमारचे रौप्य आणि शातोरूचे हे कांस्य. गुणवत्तेचा प्रश्न नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये ५९७ गुणांसह जागतिक विजेतेपद मिळवले, त्याच शहराच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये पंचवीस मीटर पिस्तुलाचे सुवर्ण आणले. दोघींच्या हातात हेच काडतूस होते, आणि दोघींच्या शहरात ते बनत नव्हते.

आपल्याकडे शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद झाली. ती बंदच राहावी, या मताचा मी आहे. पण तिचा एक हिशेब कोणी मांडत नाही. शिकार गेली म्हणजे पॉइंट टू-टूचे गिऱ्हाईकही गेले. जिथे खारी मारणारे लाखो आहेत तिथे त्यांच्या पैशावर कारखाना जगतो आणि ऑलिंपिकवाल्याला काडतूस मिळते. आपल्याकडे कळस आहे, खाली देऊळ नाही. सरकारी कारखान्यांत पॉइंट टू-टू काडतूस बनते, बंगालमधल्या इच्छापूरला रायफलही बनते. पण आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरणारा आपला नेमबाज परदेशी काडतूसच झाडतो. आणि खेळाडूंची संख्या तरी किती, म्हणून कोण त्यांच्यासाठी यंत्रे बसवणार, हे उत्तर व्यापारी दृष्टीने बिनचूक आहे.

गिऱ्हाईक मात्र घरातच आहे. एन.सी.सी.च्या छात्रांची संख्या सतरा लाखांवर आहे. मला पाच गोळ्या मिळत. आजच्या मुलाला वर्षाला पन्नास मिळाल्या, तर साडेआठ कोटी काडतुसे लागतील. एवढ्या मागणीवर कारखाना अंगाला तोशीस न लावता चालतो, आणि चालता चालता त्याचा हात बसतो. मुलामुलींच्या हाती बंदुका देता का, असे कोणी विचारील. त्या आत्ताही देतोच आहोत. फक्त नेम धरायला शिकण्याआधी काढून घेतो. एन.सी.सी.तून आलेल्या अंजली भागवत सिडनीच्या अंतिम फेरीत पोचल्या होत्या.

शिशाचा प्रश्न यात आडवा येणार आहे, तो लपवून चालणार नाही. शिसे विष आहे. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून सगळ्या शिकारीला शिशाच्या गोळ्या बंद केल्या, कारण मेलेल्या जनावरांतले शिसे खाऊन तिथली काँडोर गिधाडे मरत होती. गिधाडे औषधाने गमावलेल्या आपल्या देशाला हे वेगळे सांगायला नको. युरोपीय संघाने २०२३ मध्ये पाणथळ जागांवर शिशाचे छर्रे बंद केले आणि पुढच्या निर्बंधांची चर्चा चालू आहे. तांब्याची पॉइंट टू-टू निघाली आहे, पण ती हलकी, महाग, आणि बटणाएवढ्या वर्तुळात शिशाइतकी शहाण्यासारखी जात नाही. ब्रिटनने २०२५ मध्ये शिशावर बंदी जाहीर करताना मोठ्या मापाच्या गोळ्या घेतल्या आणि या छोट्या मापाला वगळले. पर्याय नाही म्हणून. ही सूट कायमची नसेल. आपल्या बंदिस्त रेंजवर शिसे भिंतीत अडते, गोळा करून वितळवता येते. पण त्या भिंतीसमोर रोज चार तास श्वास घेणाऱ्या पोरांसाठी हवा खेचणारे पंखे किती ठिकाणी आहेत, हे पालकांनी प्रवेशाच्या दिवशी विचारून घ्यावे.

पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना आहे, १८६९ पासूनचा. २०२१ च्या फेररचनेत तो म्युनिशन्स इंडिया या पुण्यातच मुख्यालय असलेल्या सरकारी कंपनीकडे गेला. कोल्हापूरहून रायफल घेऊन निघालेला मुलगा चार-पाच तासांत तिथे पोचतो. श्योनेबेकला पोचायला व्हिसा लागतो, रायफलीचे कागद लागतात, विमानाचे भाडे लागते. आणि तिथे जुळणारा घाणा सापडला, पण खिशात दोनच पेट्यांचे पैसे असले, तर पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून, कारण तोच घाणा पुन्हा निघत नाही.